‘कोर्स संपला, आता विसरून जा’ म्हणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या खासगी रुग्णालयांचे व्यवस्थापक, छातीचे डॉक्टर, आणि सिस्टरना परदेशी पाठवणाऱ्या एजन्सींचे चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी स्टाफ नर्स आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून २०१२ साली ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात लागले, सध्या नवी मुंबईत दुसरीकडे नोकरी करते. २०१४ साली मला फुप्फुसाचा टीबी झाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही डोस चुकवला नाही, बरी झाले. मग अकरा वर्षं नाइट ड्यूट्या केल्या, लग्न झालं, मुलगी झाली. २०२५ साली इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात माझी निवड झाली. व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “पूर्वी कधी टीबी झाला होता का? कागद आहेत?”

पहिल्या प्रश्नाला मी हो म्हटलं. दुसऱ्यासाठी माझ्या जुन्या रुग्णालयाला अर्ज केला. दोन ओळींचा ईमेल आला: तीन वर्षांपेक्षा जुनं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही, तरी क्षमस्व. त्या दोन ओळींमुळे हे पत्र लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव घेत नाही. घेतलं तर बाकीचे म्हणतील ‘आमच्याकडे असं नसतं’, आणि ते खरं नाही. मी तीन ठिकाणी काम केलंय, तिन्हीकडे असंच आहे.

आधी २०१४ चं सांगते. जूनमध्ये खोकला सुरू झाला. आम्ही तेव्हा किसननगरला राहायचो, पावसाळ्यात चाळीत अर्धे लोक खोकतच असतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वजन सहा किलो उतरलं तेव्हा आईला वाटलं, डबा नीट खात नसेन. एका रात्री वॉर्डात खोकताना रुमालावर रक्त दिसलं आणि मावशींनी मला धरून कॅज्युअल्टीत नेलं. आमच्याच रुग्णालयात चार दिवस अ‍ॅडमिट होते. बेडका तपासला, पॉझिटिव्ह आला.

आणि माझ्या केसपेपरवर काय लिहिलं? ‘कॉक्स’.

बाहेरच्यांना हे कळणार नाही म्हणून सांगते. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी १८८२ साली टीबीचा जंतू शोधला. त्यांचं नाव आपल्याकडचे डॉक्टर टीबीच्या जागी लिहितात, पेशंटला आणि पेशंटच्या शेजाऱ्याला कळू नये म्हणून. गोळ्यांनाही ‘एकेटी’ म्हणतात, त्यातला ‘के’ याच कॉखचा. माझ्या डिस्चार्ज कार्डावर तर तेही नव्हतं. ‘छातीचा संसर्ग’ एवढंच. डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले, “मुलीचं लग्न व्हायचंय, कागदावर कशाला?” आई त्यांच्या पाया पडली. मलाही तेव्हा ते फार मोठ्या मनाचे वाटले होते.

त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं, हे मान्य करूनच पुढचं लिहिते.

माझी पहिली तक्रार नोंदणीची. टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवायचा, मग तो सरकारी दवाखान्यातला असो की खासगी, असा केंद्र सरकारचा आदेश ७ मे २०१२ चा आहे. ‘निक्षय’ ही ऑनलाइन नोंदवहीही त्याच वर्षी सुरू झाली. मला टीबी झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर औषधविक्रेत्यांनाही त्यात घेतलं आणि न कळवणाऱ्यावर कारवाईची तरतूद केली. माझी नोंद झाली नाही, कारण मी स्टाफ होते. ‘अमुक रुग्णालयाच्या सिस्टरला टीबी’ हे बाहेर जायला नको होतं. मेट्रन मॅडमनी मला हे अगदी प्रेमाने समजावलं होतं. परिणाम असा की माझ्या आजाराचा पत्ता ना रुग्णालयाकडे आहे, ना सरकारकडे. गोळ्या मी कोपरीच्या एका मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने आणायचे. त्या बिलांचे कागदही एका पावसाळ्यात भिजून गेले.

नोंद नसणं ही केवळ कागदाची गोष्ट नाही. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. नोंद नाही म्हणजे हेही नाही. माझ्या वेळी ती योजना नव्हती, पण ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, होती. माझा पगार साडेअकरा हजार होता आणि ईएसआयची कपात दर महिन्याला होत होती. त्या योजनेत टीबीसाठी वाढीव आजारपणाचा लाभ आहे, पगाराच्या ८० टक्के, आणि तो दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. मला पंधरा दिवसांची बिनपगारी रजा दिली आणि सोळाव्या दिवशी ड्यूटीवर बोलावलं. एचआरला हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं आणि सांगितलं नाही, याचा निवाडा मी आता करत बसत नाही.

दुसरी तक्रार रेकॉर्डची. तीन वर्षांचा नियम मला माहीत आहे. २००२ सालच्या वैद्यकीय व्यवसायाच्या नियमावलीत आहे की अ‍ॅडमिट झालेल्या रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवायचं. त्याच नियमावलीत पुढचं वाक्यही आहे: रुग्णाने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. पहिलं वाक्य प्रत्येक रेकॉर्ड रूमला तोंडपाठ असतं, दुसरं मी कुठेही भिंतीवर लावलेलं पाहिलं नाही. शिवाय ‘किमान’ म्हणजे तिसऱ्या वर्षी रद्दीवाल्याला बोलवा असा अर्थ होत नाही. टाकायचंच असेल तर टाकण्याआधी रुग्णाला एक फोन करा. बिलाची थकबाकी असली की पाच वर्षांनीही तुम्हाला आमचा नंबर सापडतो.

तिसरी तक्रार त्या वाक्याची, जे मी या पत्राच्या माथ्यावर घातलं आहे. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला, ‘छान’ म्हणाले, फिल्म पाकिटात घालून स्वतःच्याच टेबलावर ठेवली, आणि मला म्हणाले, “कोर्स संपला, आता विसरून जा.” मी पेढे घेऊन गेले होते. ते वाटून मी खरंच विसरून गेले.

एक्स-रे विसरत नाही. टीबी बरा झाला तरी फुप्फुसात वण राहतो, बहुतेकदा वरच्या भागात. कधी रेषा, कधी चुन्याचा ठिपका. माझा उजव्या बाजूला वर आहे. जखम भरली तरी गुडघ्यावर खूण राहते, तसंच हे. त्यात सहसा जिवंत जंतू नसतो, त्याने कुणाला लागण होत नाही, पण नुसता एक फोटो पाहून परक्या डॉक्टरला हे कळायला मार्ग नाही. जुना एक्स-रे शेजारी ठेवता आला, तर निदान दिसतं की डाग तेवढाच आहे, वाढलेला नाही. तेच मॅन्टूचं, म्हणजे हातावर सुई टोचून करतात त्या टीबीच्या चाचणीचं, तेच इग्रा या टीबीच्या रक्ततपासणीचं. कोर्स पूर्ण झाला तरी त्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. जीन एक्सपर्ट यंत्राला तर मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा सापडतो, म्हणून नुकताच बरा झालेला माणूस त्यात अडकू शकतो. ही माहिती मला नर्स असून कुणी दिली नाही. रिक्षावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला कोण देणार?

आता माझ्यावर काय गुजरलं ते. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर भारतीयाला टीबी नसल्याचं सर्टिफिकेट लागतं. पूर्वी तिथे उतरल्यावर हीथ्रोसारख्या विमानतळावर एक्स-रे काढायचे. २०१२ पासून ती तपासणी निघण्याआधी आपापल्या देशातच, त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यात करायची पद्धत सर्वत्र नेली. सर्टिफिकेट साधारण सहा महिने चालतं. म्हणून एजन्सीने सांगितलं, टीबी टेस्ट सगळ्यात शेवटी करायची. निरोगी छातीसाठी सल्ला योग्य होता.

माझं सगळं झालं होतं. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या वेळी पास झाले, सीबीटी ही नर्सिंगची संगणकावरची परीक्षा झाली, रुग्णालयाकडून सीओएस आलं. सीओएस म्हणजे तिथल्या मालकाने दिलेलं स्पॉन्सरशिपचं पत्र. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला. डाग दिसला. मग नियमाप्रमाणे तीन दिवस सलग सकाळी बेडक्याचे नमुने. आता मला खोकला नाही, कफ नाही, बेडका आणायचा कुठून? मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढतात. ऐरोलीहून पहाटेची पहिली लोकल पकडून उपाशीपोटी तीन दिवस गेले. स्मिअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला नमुना, निगेटिव्ह आला. पण तेवढ्यावर भागत नाही, कल्चर लागतं, म्हणजे नमुना ठेवून त्यात जंतू वाढतो का ते पाहायचं.

कल्चरला सहा ते आठ आठवडे का लागतात, हे मला घरी सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. पोटातल्या साध्या जंतूचे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी अठरा ते चोवीस तास लागतात. तो नाही हे खात्रीने सांगायचं, तर त्याला वाढायला पुरेसा वेळ देऊन मगच ‘नाही वाढला’ म्हणावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे विरजण लावून ठेवलंय.” तसंच. आणि आमचं विरजण बिघडलं: तीनपैकी एका नमुन्यात दुसरेच जंतू वाढले, तो बाद झाला, पुन्हा द्यावा लागला, पुन्हा आठ आठवडे मोजायला घेतले.

सगळी कल्चर निगेटिव्ह आली. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा सीओएसची मुदत संपून तेरा दिवस झाले होते. पलीकडच्या रुग्णालयाने फार सभ्य भाषेत कळवलं की ती जागा आता भरली आहे.

मी त्या दवाखान्याला दोष देत नाही, इंग्लंडच्या नियमालाही नाही. जगातले साधारण चौथा हिस्सा टीबी रुग्ण आपल्या देशात आहेत, ते लोक एक्स-रे काढणारच. आणि प्रामाणिकपणे सांगते, २०१४ चे कागद माझ्याकडे असते तरी बेडक्याची तपासणी टळली नसती. डाग दिसला की ती करायचीच. टळली असती ती वेळेची नासाडी. ‘तुझ्या छातीत वण आहे, परदेशी जायचं झालं तर दोन-अडीच महिने जास्तीचे धर’ एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर सीओएस यायच्या आधीच मी तपासणीला गेले असते. सहा महिने चालणाऱ्या सर्टिफिकेटला दोन महिने आधी घेतलं म्हणून काही बिघडत नाही.

लोकांच्या मनात एक मोठा गैरसमज आहे, तो इथेच काढते, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत माझ्यासारख्या अनेक जणी असतील. एकदा टीबी झाला की परदेशाचं दार बंद, असं नाही. इंग्लंडला कल्चर निगेटिव्ह आलं की सर्टिफिकेट मिळतं. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये जुना डाग आणि निगेटिव्ह कल्चर असलेल्याला ‘बी वन’ वर्गात घालतात, व्हिसा मिळू शकतो, तिथे गेल्यावर पुन्हा तपासणीला बोलावतात. कॅनडा ‘मेडिकल सर्व्हेलन्स’ लावतं, म्हणजे पोचल्यावर तिथल्या आरोग्य खात्याला भेटायचं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांत नाव घेऊन उल्लेख असलेला टीबी हा एकमेव आजार आहे, पण तेही बरा झालेल्याकडून पाठपुराव्याचं हमीपत्र घेऊन येऊ देतात. वेळ जातो, पैसे जातात, पण दार उघडं आहे.

आखाती देशांचं मात्र वेगळं. तिथे जायच्या मेडिकलमध्ये जुना वणसुद्धा ‘अनफिट’ ठरवायला पुरतो. आमच्या ओळखीचा, दिवा गावातला एक एसी मेकॅनिक आहे, लहानपणी टीबी झालेला. एजंटला पैसे भरले, मेडिकलला गेला, अनफिटचा शिक्का घेऊन आला. त्याला कल्चरची संधीसुद्धा नाही. निदान पैसे भरण्याआधी त्याच्या छातीत वण आहे हे त्याला माहीत असायला हवं होतं की नको?

एजन्सीवाल्यांसाठी थोडंच लिहिते. फॉर्मवर ‘पूर्वी टीबी झाला होता का’ या रकान्यात ‘नाही’ लिहायला तुम्ही मुलींना सांगता. मलाही सांगितलं होतं, “मॅडम, विचारलं तर नाही म्हणायचं, सगळे तसंच करतात.” खोटी माहिती दिल्याचं उघडकीला आलं तर इंग्लंडचा व्हिसा दहा वर्षांसाठी बंद होऊ शकतो. एक्स-रेतला डाग तुमच्या सांगण्याने पुसला जात नाही आणि दहा वर्षं तुमची जात नाहीत. कृपा करून हे थांबवा, आणि नाव नोंदवून घेतानाच प्रत्येकीला एक साधा एक्स-रे काढून घ्यायला सांगा.

रुग्णालयांकडे आणि डॉक्टरांकडे माझ्या मागण्या अशा आहेत:

१. टीबीचा कोर्स संपला की प्रत्येकाला उपचार पूर्ण झाल्याचा कागद द्या, न मागता. त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कोणत्या गोळ्या, किती वजनाला किती डोस, रोज की आठवड्यातून तीनदा (२०१४ साली सरकारी केंद्रात तीनदा देत, खासगीत रोज, आणि परदेशातला डॉक्टर हे विचारतो), सुरुवातीच्या आणि शेवटच्या बेडक्याचा निकाल, औषधांना जंतू दाद देतो की नाही त्याची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट, आणि निक्षयचा क्रमांक. एक पान होतं. माझा नऊ वर्षांचा भाचा हे टाइप करू शकेल.

२. त्या कागदावर ‘टीबी’ किंवा ‘क्षयरोग’ असं लिहा. ‘कॉक्स’ नको, ‘छातीचा संसर्ग’ नको. लग्नाची काळजी खरी आहे, पण त्यासाठी कागद कुणाला दाखवायचा हे आम्ही ठरवू.

३. शेवटचा एक्स-रे रुग्णाला द्या, फिल्म किंवा सीडी. तुमच्या टेबलावर त्याचा काही उपयोग नाही.

४. नोंद करा. स्टाफचीही करा, स्टाफची आधी करा. वॉर्डात काम करताना आम्हाला टीबी झाला तर तो लपवायला आम्ही गुन्हा केलेला नाही. आणि ईएसआयचा फॉर्म कुठे मिळतो ते त्याच दिवशी सांगा.

५. रेकॉर्ड नष्ट करायच्या आधी रुग्णाला कळवा. निदान टीबीच्या फाइल स्कॅन करून ठेवा.

६. शेवटच्या भेटीत पाच मिनिटं द्या. वण राहतो, चाचण्या पॉझिटिव्ह येऊ शकतात, मेडिकलला जाताना हे बरोबर ठेवा, एवढं सांगा. डॉक्टरांना वेळ नसेल तर हे काम आम्हा सिस्टरांना द्या, आम्ही करू. मी तर करतेच.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्यासाठी जायचं होतं. पुढची संधी येईल, न येईल. तिथल्या भरत्या आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. माझी नुकसानभरपाईची मागणी नाही, आणि जुन्या रुग्णालयाशी भांडणही नाही. तिथल्याच मावशींनी मला त्या रात्री उचलून नेलं होतं.

एक गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते. मी सध्या काम करते त्या वॉर्डात एक ज्युनिअर सिस्टर आहे. ती एकेटीवर आहे, शेवटचा डोस पुढच्या महिन्यात. तिच्या फाइलवर काल मी पाहिलं, ‘कॉक्स’ लिहिलंय, आणि निक्षयच्या क्रमांकाची जागा कोरी आहे. आमच्या व्यवस्थापनाने हे पत्र वाचलं असेल, तर ती फाइल दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सिंग स्टेशनच्या डाव्या कप्प्यात आहे.

आपली,
एक सिस्टर
ऐरोली, नवी मुंबई